गिळलेला शब्द

"बापू, गाडी जरा बाजूला घ्यावी लागणार बघा," प्रणाली म्हणाली.

बापू काही बोलला नाही. बोलणार कसा? तो रबराचा होता. त्याच्या छातीत मोटर होती, नाडीच्या जागी नळी होती, आणि प्रशिक्षण केंद्राच्या संगणकाने त्याला मघाशीच बेशुद्ध करून टाकलं होतं. पण पुढे चालकाच्या सीटवर बसलेल्या अण्णांनी तत्परतेने आरशात पाहिलं, दिवा दिला आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. गाडीही खोटीच होती म्हणा. हॉलमध्ये स्प्रिंगांवर बसवलेला रुग्णवाहिकेचा सांगाडा, आणि काचेपुढच्या पडद्यावर पळणारा रस्ता.

प्रणालीने बापूच्या घशात अडकलेला तुकडा चिमट्याने काढला, मान मागे करून श्वासाची वाट मोकळी केली, तोंडावर मास्क बसवला. बापूची छाती वरखाली होऊ लागली.

"झालं बापू. आता निघायला हरकत नाही."

गाडी निघाली. काचेपलीकडे बसून हे सगळं पाहणाऱ्या डॉ. संघमित्रा वासनिक यांनी कपाळाला हात लावला.

डॉ. संघमित्रा नागपूरकडच्या. ग्रामीण रुग्णवाहिकांवर काम करणाऱ्या जोड्यांची परीक्षा घ्यायला त्यांची नेमणूक झाली होती. जोडी म्हणजे मागे रुग्णाजवळ पॅरामेडिक आणि पुढे चालक, ज्याला सगळे पायलट म्हणतात. परीक्षा संपल्यावर त्यांनी मगदूम जोडीला समोर बसवलं आणि भिंतीवरचा पडदा सुरू केला.

"हातांना पैकीच्या पैकी गुण," त्या म्हणाल्या. "औषध, मात्रा, क्रम, कुठेच बोट ठेवायला जागा नाही. आता हे बघा. कोण कुणाशी बोललं, त्याच्या या रेघा."

पडद्यावर प्रणालीपासून बापूपर्यंत एक जाडजूड लाल रेघ गेली होती. प्रणालीपासून पायलटपर्यंत काहीच नव्हतं, साधा ठिपकासुद्धा नाही.

"रुग्ण बेशुद्ध आहे ना, ताई? आणि तुम्ही त्याला गाडी थांबवायला सांगताय."

मागे बसलेल्या बाकीच्या जोड्या हसल्या. प्रणालीचे कान तापले. "मॅडम, अण्णा माझे सासरे आहेत," ती म्हणाली.

तिच्या मते एवढ्यात सगळा खुलासा झाला होता. हॉलमधल्या निम्म्या बायकांनी मान डोलावली, म्हणजे त्यांच्याही मते झाला होता.

मगदुमांच्या घरात सुनेने सासऱ्याशी समोरासमोर बोलू नये असा काही कायदा नव्हता. अण्णांनी, म्हणजे रावसाहेब मगदुमांनी, तसं कधी सुचवलंही नव्हतं. उलट लग्न होऊन आलेली सून नर्सिंगची पदवी घेऊन भाकऱ्या थापत बसली आहे हे त्यांनाच बघवेना. पॅरामेडिकचा अर्ज त्यांनीच आणला, परीक्षेला त्यांनीच नेलं, आणि ती पास झाल्यावर गावभर सांगितलं, "घरात सून, गाडीत म्याडम." पण रीत ही काय कुणी सांगून लागते? आक्का, म्हणजे प्रणालीच्या सासूबाई, स्वतः आपल्या सासऱ्यांशी हयातभर मांजराच्या मार्फत बोलल्या होत्या. "मने, पान वाढलंय म्हणावं." ती मनी मेली तेव्हा काही दिवस घरात कुणाचा निरोप कुणाला पोचेना, असं आक्काच हसत हसत सांगत. लेकी बोले सुने लागे ही म्हण सगळ्यांकडे असते. मगदुमांकडे ती उलट्या अंगाने चाले, इतकंच. प्रणाली शिकलेली असल्यामुळे मांजराशी बोलत नसे. ती रुग्णाशी बोले, त्याच्या बायकोशी बोले, कुणी नसलं तर ऑक्सिजनच्या सिलिंडरशी बोले. अण्णांना सगळं बिनचूक पोचे. इतकी वर्षं त्या दोघांनी मिळून घाटातली माणसं वाचवली होती, ती अशीच.

डॉ. संघमित्रांनी हे सगळं मन लावून ऐकलं. हसल्याही.

"निरोप पोचतो, मान्य," त्या म्हणाल्या. "पण मला एक सांगा. मांजराच्या मार्फत कुणाला 'तुम्ही चुकताय' असं सांगता येतं का?"

प्रणालीने पडद्यावरच्या त्या लाल रेघेकडे पुन्हा पाहिलं.

मग त्यांनी पेटीतून दोन राखाडी पट्ट्या काढल्या. गळ्याभोवती सैलसर बसतील अशा, बोटभर रुंदीच्या.

माणूस बोलायला लागतो त्याच्या आधी बरंच काही घडून गेलेलं असतं. तो एक छोटा श्वास घेतो. मेंदूकडून स्वरयंत्राच्या स्नायूंना इशारा जातो, ते ताणले जातात, जीभ आपली जागा घेते, आणि मग आवाज फुटतो. ऐन वेळी त्याने विचार बदलला तरी पहिला इशारा गेलेलाच असतो. स्नायूंमध्ये विजेची बारीकशी लहर उठते आणि विरून जाते. ही लहर गळ्यावरून टिपणारी पट्टी निघाली त्याला फार वर्षं झाली नव्हती. शब्द कोणता होता हे पट्टीला कळत नसे. फक्त इतकंच कळे, की इथे एक शब्द आला होता आणि तो परत गेला. तेवढं कळलं की ती गळ्यावर थरथरे.

ही वस्तू मूळची वाचा गेलेल्या रुग्णांसाठी. पण अपघातसेवेचं शिक्षण देणाऱ्यांच्या हाती ती पडली आणि त्यांचा एक जुना पेच सुटला. रुग्ण दगावतो तेव्हा बऱ्याचदा कुणालाच काही माहीत नसतं असं नाही. चूक कुणाच्या तरी लक्षात आलेली असते, तो बोललेला नसतो. भोवतालचं भान, निर्णय, एकमेकांना सांगणं, वेळ आली तर वरच्या माणसाला टोकणं, ही हातांच्या पलीकडची कौशल्यं मोजायची कशी? आजवर परीक्षक नुसत्या डोळ्यांनी बघून गुण द्यायचे, आणि गप्प बसणारा माणूस 'शांत स्वभावाचा' म्हणून पास व्हायचा. आता गप्प बसणंही मोजता येऊ लागलं होतं.

"कामावर असाल तेवढा वेळ घालायची," डॉ. संघमित्रा म्हणाल्या. "थरथरली की समजायचं, काहीतरी गिळलं. कुठे आणि कधी, त्याची नोंद माझ्याकडे येत राहील. मग जमलं तर ते बोलून टाकायचं. पावसाळ्याआधी पुन्हा परीक्षा होईल." त्यांनी पेटी बंद केली. "नवा नियम तुम्हाला माहीत आहे. जी जोडी यात पास होणार नाही, ती मोडायची. अण्णांना जिल्ह्याच्या डेपोत घेतील, तुम्हाला दुसऱ्या गाडीवर."

परतीच्या वाटेवर प्रणालीच्या डोक्यात तेच घोळत होतं. अण्णांची गाडी सोडून दुसरी गाडी तिने कधी मनातही आणली नव्हती. नवरा सैन्यात, वर्षातून दोनदा घरी येणार. माहेर लांब. तिचं जे काही या मुलखात होतं ते अण्णांच्या मागच्या त्या डब्यात होतं.

आणि तिच्या गळ्यावरची पट्टी सारखी थरथरत होती.

करंजवडे गावात रुग्णवाहिका मगदुमांच्या दारातच उभी असे, कारण बोलावणं कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणजे कामाची वेळ कोणती आणि घरची कोणती, हे ठरवायचं कुणी? पट्ट्या दिवसभर गळ्यातच राहिल्या. आणि मग त्या घरात जी काही धमाल उडाली ती विचारू नका.

पहिल्याच दिवशी अण्णांनी तालुक्याहून म्हैसूरपाक आणला. ते नेहमीच आणत, सुनेला आवडतो म्हणून. प्रणालीने एक वडी तोंडात टाकली आणि पट्टी थरथरली. गुर्र.

"काय गिळलंस गं?" आक्का.

"म्हैसूरपाक."

गुर्र.

आक्कांनी लाटणं खाली ठेवलं. "खरं बोल बघू. आवडत न्हाई व्हय तुला?"

प्रणालीने मान खाली घातली. लग्नानंतर पहिल्या दिवशी अण्णांनी वडी पुढे केली होती, तिने लाजेकाजेस्तव अजून एक घेतली होती, आणि तेव्हापासून हे सुरू होतं. अण्णांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "आक्के, तिला विचार, मग काय आणू म्हणावं?"

"चिवडा," प्रणाली भांड्यांच्या मांडणीकडे बघत म्हणाली. "तिखट."

अशा कितीतरी गोष्टी बाहेर आल्या. भाकरी आक्कांपेक्षा प्रणालीच्या बहिणीची चांगली होते, असं अण्णांना वाटे. आक्कांची घोरण्याची सवय. प्रणालीने परसात लावलेलं लिंबाचं झाड अण्णांच्या पायाखाली येऊन मोडलं होतं, आणि नाव शेजारच्या म्हशीवर गेलं होतं. आक्कांनी हौसेने एकदा प्रणालीची पट्टी स्वतःच्या गळ्यात घालून बघितली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घातली, मधे शेजारणीशी दोनदा भांडल्या, पण पट्टी हूं नाही की चूं नाही.

"बिघडली वाटतं," अण्णा म्हणाले, आणि लगेच त्यांचीच पट्टी थरथरली. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं होतं. आक्का हसून हसून खोकल्या.

प्रणालीला वाटू लागलं, जमेल हे. अजून समोर बघून बोलणं होत नव्हतं, पण मांडणीकडे बघून का होईना, ती आता मनातलं बोलत होती. एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट घरातली नव्हती. ती तळकोंडी घाटातली होती.

करंजवड्याहून तालुक्याच्या रुग्णालयाला जायचं तर तो घाट उतरावा लागे. शहरांत तोवर बिनचालकाच्या गाड्या धावायला लागल्या होत्या, पण या रस्त्याला पांढरे पट्टे नव्हते, गुरं होती, दरडी होत्या, आणि समोरच्या जीपवाल्याशी नजरेनेच ठरवावं लागे की आधी कोण. इथे माणूसच लागे. गाडीला धोक्याची घंटा होती, ती प्रत्येक रेड्याला बघून वाजे, म्हणून सगळ्याच पायलटांनी ती बंद करून ठेवली होती. अण्णांचा हात असा, की मागच्या सलाईनची बाटली हलू नये. पण दिवाळीपासून काहीतरी बदललं होतं. दिवसा काही नाही. ऊन कलायला लागलं, कातरवेळ झाली की अण्णा वळणं रुंद घेऊ लागत. एकदा डाव्या अंगाने आलेला स्कूटरवाला त्यांना दिसलाच नाही. त्यानेच गाडी गटारात घातली म्हणून वाचला. एकदा वासरू. प्रणालीला मागच्या खिडकीतून सगळं दिसे. प्रत्येक वेळी शब्द घशाशी येई, आणि प्रत्येक वेळी ती तो परत पाठवे. कुठल्या तोंडाने सांगायचं? ज्या माणसाने आपल्याला या गाडीत बसवलं, त्यालाच म्हणायचं, आता तुम्ही उतरा?

मे महिन्यात डॉ. संघमित्रा स्वतः करंजवड्याला आल्या. अण्णा आणि प्रणाली दोघांनाही ओसरीवर बसवलं आणि आपल्या हातातल्या पडद्यावर घाटाचा नकाशा उघडला. त्यावर निळे ठिपके होते आणि हिरवे ठिपके होते.

"निळे प्रणालीताईंचे, हिरवे अण्णांचे. गिळलेले शब्द. घरातले कमी झालेत, छान आहे. पण घाटात बघा. याच वळणांवर, संध्याकाळीच, दोघांचे. एकाच घटकेला." त्यांनी दोघांकडे पाहिलं. "शब्द काय होता ते पट्टीला कळत नाही. मलाही विचारायचा हक्क नाही. पण तुम्ही दोघं एकाच जागी काहीतरी गिळताय, हे तुम्हाला माहीत असायला हवं."

अण्णांनी टोपी काढून पुन्हा घातली. "घाटात देव हाय, म्याडम. मनातल्या मनात नाव घेतो त्याचं."

"मीही," प्रणाली म्हणाली.

दोन्ही पट्ट्या एकदम थरथरल्या. डॉ. संघमित्रा चहा पिऊन उठल्या.

त्या दिवशी प्रणालीला सगळं लख्ख कळून चुकलं. संध्याकाळी नीट दिसत नाही, हे अण्णांना स्वतःलाही ठाऊक होतं. आणि परीक्षेत पास व्हायचं तर जे बोलायला पाहिजे, तेच बोलल्यावर जोडी उरणार नव्हती. न बोललं तरी मोडणार होती. इकडे आड, तिकडे विहीर. ती मोरीत जाऊन पाणी सोडून रडली आणि तोंड धुऊन बाहेर आली.

चार दिवसांनी गावड्यांच्या काजूच्या बागेतून बोलावणं आलं. तानाजी गावडे काजू वेचत होता, आणि वरच्या आंब्यावरचं आग्यामोहोळ उठलं. गाडी पोचली तेव्हा तो बांधावर पडला होता. तोंड सुजलेलं, अंगभर गांध्या, श्वासाला शिट्टी वाजत होती. प्रणालीने मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, पाय वर करून झोपवलं, शिरेत सलाईन सुरू केली. तानाजीची बायको जागच्या जागी मटकन बसली होती, म्हणून त्याचा पुतण्या ओंकार गाडीत चढला. अंगापिंडाने दणकट गडी, खडीच्या डंपरवर ड्रायव्हर. चुलत्याचा हात धरून तो प्रणालीसमोरच्या बाकावर बसला.

घाटाच्या तोंडाशी आले तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. उजेड होता, पण नव्हता. तानाजीचा रक्तदाब पुन्हा खाली येऊ लागला. दुसरं इंजेक्शन दिलं. जीभ सुजत होती, श्वास अपुरा पडत होता. प्रणालीने मास्कची पिशवी हातात घेतली आणि दाबायला सुरुवात केली. एवढ्यात गाडी भलतीकडे झुकली. खिडकीतून तिला संरक्षक भिंतीचा दगड दिसला, हाताने शिवता येईल इतक्या जवळ. चाकाखालची खडी सुटून खाली गेल्याचा आवाज आला. गाडी परत रस्त्यावर आली.

तिची पट्टी थरथरली. पुढे अण्णांच्या गळ्यातलीही थरथरली असणार, ते तिला न बघताच कळलं.

अजून अर्धा घाट बाकी होता.

समोर ओंकार होता. तिची नजर आपसूक त्याच्याकडे गेली. जिभेवर वाक्य तयारच होतं, "ओंकार, गाडी सावकाश घ्यायला सांग." इतकं सोपं. अण्णांना पोचलंही असतं. त्यांनी गाडी सावकाश घेतली असती, आणि तरीही त्यांना डावी बाजू दिसली नसती.

तिने ओंकारवरून नजर काढली आणि पुढच्या आरशात पाहिलं. आरशात अण्णांचे डोळे होते.

"अण्णा," ती म्हणाली. "गाडी थांबवा."

गाडी थांबली. लगेच थांबली, रस्त्याच्या आतल्या अंगाला, हँडब्रेकसकट.

"तुम्हाला कडेचं दिसत नाही. ओंकार गाडी चालवेल. तुम्ही मागे या, मला हात पाहिजेत."

ओंकार या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग पुढचं दार उघडलं, अण्णा उतरले, मागून आत आले, आणि ओंकार पुढे जाऊन बसला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची प्रणालीला छाती झाली नाही आणि वेळही नव्हता.

"ओंकार, दुसऱ्या गिअरमध्ये उतर. घाई करू नको. अण्णा, ही पिशवी धरा. मी म्हणेन तशी दाबा. छाती वर आली की सोडा."

"दाबली," अण्णा म्हणाले, केंद्रात शिकवलं होतं तसं, ऐकलेलं उलट सांगत. "छाती वर आली. सोडली."

"पुन्हा."

"दाबली. सोडली."

तिचे दोन्ही हात मोकळे झाले. तिने तानाजीचा जबडा पुढे ओढून धरला, सलाईनचा वेग वाढवला, तिसरं इंजेक्शन भरलं. ओंकारने डंपरवाल्याच्या हाताने, पण जपून, गाडी खाली उतरवली. घाटाच्या पायथ्याला तानाजीने स्वतःहून एक लांब श्वास घेतला आणि खोकला. अण्णांनी पिशवी सोडली नाही, प्रणालीकडे पाहिलं.

"थांबा आता. तो घेतोय."

"थांबलो," अण्णा म्हणाले.

तालुक्याच्या रुग्णालयात तानाजीला आत नेलं. तो वाचला. पुढच्या आठवड्यात त्याच्या बायकोने मगदुमांकडे टोपलीभर काजूची बोंडं पाठवली, त्यावरून आक्कांनी तिला फोन करून खरपूस सुनावलं की बोंडं नको, गर पाठव. पण त्या संध्याकाळी रुग्णालयाच्या आवारात अण्णा गाडीपाशी जाऊन उभे राहिले. बोनेटवर तळवा ठेवून थोडा वेळ उभे होते. मग त्यांनी किल्ली प्रणालीच्या हातात दिली.

जिल्ह्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढत जातो आणि नजरेला कडेकडेने खात येतो. मधलं शाबूत राहतं, म्हणून दरवर्षीच्या तपासणीत समोरची अक्षरं वाचून माणूस पास होतो. गेलेलं परत येत नाही. उरलेलं औषधांनी राखता येईल. गाडी मात्र बंद.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडतात तोच डॉ. संघमित्रांचा फोन आला. दोघांच्याही पट्ट्यांची त्या संध्याकाळची नोंद त्यांनी पाहिली होती, आणि डोळ्यांचा अहवालही त्यांच्याकडे पोचला होता. परीक्षा समितीने ती संध्याकाळच परीक्षा म्हणून धरली होती.

"मगदूम जोडी पास," त्या म्हणाल्या. "सगळ्यात वरचे गुण आहेत. आणि... जोडी रद्द, हेही मीच सांगायला हवं. ताई, तुम्हाला नवा पायलट मिळेल."

"वर्ग पास झाला आन् शाळाच बंद!" अण्णा फोनपाशी तोंड नेऊन म्हणाले. "आसूदे म्याडम. या कवातरी जेवायला."

परत येताना ते एसटीने आले. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस, खिडकीपाशी बसून बाहेर बघत होता. शेजारी प्रणाली. हा माणूस आज बसमध्ये बसलाय तो माझ्या एका वाक्यामुळे, हे तिला सहन होत नव्हतं. पट्ट्या त्यांनी केंद्रात परत केल्या होत्या. गळा मोकळा मोकळा वाटत होता, आणि आता थरथरून सांगणारं कुणी नव्हतं.

"अण्णा," ती म्हणाली. समोरच्या सीटकडे बघून नव्हे, त्यांच्याकडे बघून. "रागावलात?"

"कशापायी?"

"मी तुम्हाला उतरवलं."

अण्णा खिडकीतून वळले. "येक सांगू? घाटातलं ते हिरवं ठिपकं म्याडमनी दाखिवलं न्हवं, माजं?"

"हां. 'दिसत नाही' हेच ना? कळलं होतं मला."

"न्हाई," अण्णा म्हणाले. "ते न्हवं. दिसत न्हाई हे मला ठावं हुतं, ते काय बोलायचं? माजा मला पाय बिरेकवर ठेवता येत न्हवता, पोरी. तीस वरसाची सवय. आज सोडू, उद्या सोडू. परतेक वळणाला घशाशी यायचं, 'प्रणाली, तू थांब म्हण. तू म्हणलीस की थांबतो.'" त्यांनी डोळे मिटले. "पन तुला कसं सांगू, बोल म्हणून? आपल्या घरातली रीत. म्हटलं, ती बिचारी कशी बोलंल."

म्हणजे एवढे महिने प्रणाली त्यांना दुखवायला नको म्हणून गप्प होती, आणि ते त्या वळणांवर तिच्या एका शब्दाची वाट बघायचे. तिला हसू आलं आणि रडूही आलं. तिने पदर तोंडाला लावला आणि लहान मुलीसारखी स्फुंदून स्फुंदून रडली. पलीकडच्या सीटवरची बाई विचारू लागली, काय झालं हो, कोण गेलं का?

"कोन न्हाई गेलं," अण्णा तिला म्हणाले. "सून हाय माजी. बोलाय लागली."

एसटी घाट चढू लागली. वारा गार होत चालला होता. अण्णांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, आणि डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलं होतं.

प्रणालीने डोळे पुसले. "अण्णा, काच लावा," ती म्हणाली.

"लावली," अण्णा म्हणाले, आणि मग काच लावली.